पाडा सरकारी कागदावर ‘गाव’ आहे का, आणि त्याची लोकसंख्या नेमकी किती धरायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी एक पाडा. पोरांनी घरोघर फिरून मोजलं तर नऊशेच्या वर माणसं भरली. मतदार यादीत पाड्याचे ५४० मतदार आहेत. जनगणनेच्या यादीत मात्र पाड्याचं नावच नाही. नाव आहे ते मूळ गावाचं, आणि त्या अख्ख्या गावाची लोकसंख्या अकराशेच्या आसपास दाखवली आहे. ग्रामपंचायत गट, म्हणजे काही गावांची मिळून एक, आणि ती तिसऱ्याच गावाच्या नावाने चालते. तर आमचं गाव कागदावर आहे की नाही, खरा आकडा कोणता, आणि स्वतंत्र ग्रामपंचायत मागावी का?

मी तलाठी म्हणून लागलो, मंडळ अधिकारी झालो, नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालो. सगळी नोकरी धुळे आणि जळगाव जिल्ह्यांत. २००१ आणि २०११, दोन्ही जनगणना अंगावर घेतल्या. हा प्रश्न मला ओट्यावर बसून शेकडो वेळा विचारला गेला आहे, बहुतेक वेळा अहिराणीत: “आप्पा, आमनं गाव कागदवर शे का नही?”

कागदावर तुमचा पाडा आहे. फक्त तो ज्या कागदावर आहे तो तुम्ही बघितलेला नाही, आणि ज्या कागदावर तुम्ही शोधताय तिथे तो असण्याचं कारण नाही. जनगणनेची छापील यादी महसुली गावांची असते. पाडा, वस्ती, तांडा, वाडी ही महसुली गावाच्या पोटात मोजली जातात. तेव्हा तुमची माणसं त्या अकराशेमध्येच आहेत. सगळी आहेत का, हा वेगळा मुद्दा. त्याच्याकडे येतो, कारण खरी गोम तिथेच आहे.

आधी एक काम करा. पाड्यातल्या कोणाच्याही शेतीचा सातबारा काढा आणि फक्त डोक्यावरची ओळ वाचा: गाव, तालुका, जिल्हा. तिथे मूळ गावाचं नाव असेल, तर पाडा महसुली गाव नाही, विषय संपला. पाड्याचं नाव असेल, तर तुम्ही आधीच महसुली गाव आहात आणि तक्रार दुसऱ्याच दप्तरात करायला हवी. महसुली गावाची खूण म्हणजे त्याचा स्वतःचा नकाशा, स्वतःची शीव आणि एकपासून सुरू होणारे स्वतःचे सर्व्हे किंवा गट नंबर. देऊळ, शाळा, पोस्ट, बस थांबा असल्याने गाव महसुली होत नाही. उलट एकही घर नसलेली महसुली गावं आपल्याकडे आहेत. दप्तरात त्यांना ‘बेचिराख’ म्हणतात. नकाशा आहे, सातबारे आहेत, जनगणनेच्या यादीत नाव आहे आणि लोकसंख्येच्या रकान्यात शून्य. नऊशे माणसांचा तुमचा पाडा यादीत नाही आणि शून्य माणसांचं गाव यादीत आहे, हे ऐकून लोक चिडतात. पण महसूल खात्याची यादी मुळात जमिनीची. तीत माणूस मागाहून आला.

नव्या सातबाऱ्यावर गावाच्या नावाशेजारी एलजीडी कोड, म्हणजे सरकारने प्रत्येक गावाला दिलेला वेगळा नंबर, छापलेला असतो. तो आकडा टिपून ठेवा आणि पुढे कुठेही शोधताना नावाऐवजी तोच वापरा. खानदेशात पिंप्री, सावखेडा, टाकरखेडा, वरखेडी यांचा सुकाळ आहे. त्यात कोणी बुद्रुक, कोणी खुर्द. शिवाय नावामागे प्र. किंवा त. लावून जुन्या प्रगण्यांची आणि तर्फांची अक्षरं चिकटलेली, शहाद्याकडे ‘त. ह.’ दिसलं की ते तर्फे हवेली समजायचं. प्रगणे जाऊन जमाना लोटला, १९०६ मध्ये खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले, १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार निघाला, पण ती अक्षरं गावाच्या शेपटीला आहेत तशी आहेत. नेटवर एका सावखेड्याची लोकसंख्या दुसऱ्या सावखेड्याच्या नावावर खपवलेली मी किती वेळा पाहिली आहे, मोजदाद नाही.

आता लोकसंख्या. २०११ ची शिरगणती ९ ते २८ फेब्रुवारी या दिवसांत झाली आणि संदर्भाचा क्षण होता १ मार्चची मध्यरात्र. हे महिने नीट बघा. आपल्याकडे दिवाळीनंतर गाव रिकामं व्हायला लागतं. चाळीसगाव, पारोळ्याकडून कोयते, म्हणजे ऊसतोड मजूर, पश्चिम महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांवर जातात, नंदुरबारकडची माणसं गुजरातच्या उसात. परततात ती उन्हाळा लागल्यावर. आणि जनगणनेचा नियम असा की मोजणीच्या त्या वीस दिवसांत जो माणूस आपल्या राहत्या ठिकाणी एक दिवससुद्धा आला, त्याची नोंद घरी. जो पूर्ण काळ बाहेर होता, त्याची नोंद जिथे सापडेल तिथे. म्हणजे कागदोपत्री कोणी सुटत नाही. प्रत्यक्षात उसाच्या फडावरच्या कोपीत प्रगणक पोचला की नाही, हे तो फड आणि तो प्रगणक जाणे. पोचला असला तरी ती माणसं त्या फडाच्या गावात मोजली गेली, तुमच्या नाही.

२००१ मध्ये एका गावात मी प्रगणक गुरुजींबरोबर फिरत होतो. गल्लीत ओळीने कुलपं. एका घरात म्हातारी आणि दोन नातवंडं. गुरुजींनी तिघांची नावं लिहिली आणि उठले, तर म्हातारी म्हणाली, “पोरं ऊस तोडाले गयात, त्यास्ना नावबी लिखी ल्या ना भाऊ.” गुरुजींनी माझ्याकडे बघितलं. मी नियम सांगितला: होळीआधी येणार नसतील तर नाही लिहिता येत. नियम बरोबरच होता. पण त्या घरात राहणारी माणसं सात होती आणि कागदावर तीन गेली. त्या गल्लीत असं प्रत्येक घरात झालं, आणि पुढची दहा वर्षं त्या गावाचं सगळं त्या तिघांच्या हिशेबाने चाललं. त्यानंतर मी गावाच्या लोकसंख्येकडे ‘फेब्रुवारीचा आकडा’ म्हणूनच बघतो.

याची दुसरी बाजू तुमच्याच तालुक्यात आहे. रावेर, यावल, चोपडा हा केळीचा पट्टा. डोंगरातली पावरा, भिल्ल कुटुंबं खाली सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचे शेतमजूर, म्हणून राहतात. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, साल ठरतं ते पुढच्या आखाजीपर्यंत, म्हणजे फेब्रुवारीत ती माणसं शेतावरच्या खोलीत असतात आणि मोजली जातात ती केळीवाल्या गावात. पाड्यातून वजा, खालच्या गावात अधिक. जळगाव जिल्ह्याच्या ४२,२९,९१७ या २०११ च्या आकड्यात याने काही फरक पडत नाही, दोन्ही गावं जिल्ह्यातलीच. नऊशेच्या पाड्यात मात्र पन्नास माणसं इकडची तिकडे झाली तरी जाणवतात.

तुमच्या तीन आकड्यांचं गणित यावरून बरंचसं सुटतं. अकराशे हा २०११ च्या फेब्रुवारीचा आकडा आहे. तेव्हा जन्मलेलं पोर आता दहावीला आहे. ५४० मतदार म्हणजे अठरा वर्षांवरचे, त्यात बाहेर गेलेलेही आहेत, लग्न होऊन गेलेल्या पण नाव न कमी केलेल्या पोरीही आहेत, आणि गेलेली म्हातारी माणसंही असणार. नऊशे हा तुमच्या पोरांचा आकडा. तो मी खोटा म्हणत नाही, पण आपल्याच गावची मोजणी करताना माणूस हात सैल सोडतो. सुरतेत दहा वर्षं स्थायिक झालेला चुलता त्यात धरलाय का, ते एकदा तपासा.

कोणता आकडा खरा, यापेक्षा कोणत्या कामाला कोणता चालतो हे विचारलंत तर उत्तर लवकर मिळेल. ग्रामपंचायतीचे सदस्य किती, हे शेवटच्या प्रसिद्ध जनगणनेवर ठरतं. दीड हजारापर्यंत सात, तीन हजारांपर्यंत नऊ, असं दीड-दीड हजाराला दोन वाढत सतरापर्यंत. पंधराव्या वित्त आयोगाचा पैसाही जनगणनेच्याच आकड्यावर वाटला गेला. आरोग्य उपकेंद्राला सपाटीवर पाच हजार आणि आदिवासी भागात तीन हजारांचा निकष. इथे तुमच्या पोरांच्या वहीला कोणी विचारणार नाही. अंगणवाडीचं मात्र वेगळं. आदिवासी भागात तीनशे माणसांना अंगणवाडी, दीडशेपासून मिनी अंगणवाडी, आणि तिथे सेविकेचा सर्व्हे बोलतो. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत तर मोजमाप महसुली गावाचं नसून वस्तीचं आहे: सपाटीवर पाचशे, आदिवासी क्षेत्रात अडीचशे. कितीतरी पाडे ‘आम्ही गाव नाही म्हणून रस्ता नाही’ म्हणत बसले आहेत. रस्त्याला गाव असण्याची गरजच नव्हती, वस्तीच्या यादीत नाव हवं होतं. तुमचा पाडा त्या यादीत आहे का, हे पंचायत समितीत आधी विचारा.

दर्जाबद्दल बोलायचं तर इथे दोन वेगळ्या वाटा आहेत आणि लोक त्या हमखास एक करतात. त्यात भर म्हणजे दोन्हीकडे कलम ४. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ चं कलम ४ महसुली गाव ठरवतं. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ चं कलम ४ ग्रामपंचायतीचं गाव ठरवतं. माझ्याकडे एकदा एक अर्ज आला होता, वर विषय महसुली गावाचा, खाली मागणी सरपंचाची. असा अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरतो आणि शेवटी ‘योग्य त्या कार्यालयाशी संपर्क साधावा’ असं उत्तर येतं. ते उत्तर द्यायचं काम मीही केलेलं आहे, म्हणून सांगतो.

महसुली गावासाठी ग्रामसभेचा ठराव, तलाठ्याचा अहवाल (हुद्दा आता ग्राम महसूल अधिकारी झालाय, पण तुमच्याकडेही तो तलाठी आप्पाच असेल), भूमी अभिलेखकडून हद्दीचा नकाशा, मूळ गावातून कोणते गट नंबर फुटणार त्याची यादी क्षेत्रासह. तहसील, प्रांत, जिल्हाधिकारी असा प्रवास, हरकती, मग राजपत्रात अधिसूचना. प्रकरण अडतं ते गट नंबरांच्या यादीवर. मूळ गावची मंडळी गायरान सोडायला तयार नसतात. ठराव घेण्याआधी गायरानाचं बोलणं पारावर मिटवा, ग्रामसभेत मिटत नाही.

पायथ्याच्या पाड्यांची आणखी एक गोष्ट असते: निम्मी घरं वनजमिनीवर. तुमचं तसं असेल तर महसुलाच्या नेहमीच्या वाटेने जाऊ नका. वनहक्क कायदा २००६ च्या कलम ३(१)(ज) मध्ये वनगावं, जुन्या वसाहती आणि मोजणी न झालेल्या वस्त्या महसुली गावात बदलण्याचा हक्क दिलेला आहे. तो दावा ग्रामसभेकडून वनहक्क समितीमार्फत जातो. अक्राणी, अक्कलकुव्याकडे वनगावांचा हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या चालला. सरदार सरोवरात त्या दोन तालुक्यांतली ३३ गावं बाधित झाली आणि तिथून उठून खाली तळोदा, शहाद्याकडे वसवलेल्या वसाहतींनाही ‘आम्ही आता कोणतं गाव’ हाच प्रश्न पडला होता. माणसं हलली तरी दप्तर सावकाश हलतं.

स्वतंत्र ग्रामपंचायतीचा निकष साधारण दोन हजार लोकसंख्येचा, आदिवासी भागात आणि तांड्यांसाठी हजाराचा राहिला आहे. शासन निर्णयांनी तो अधूनमधून बदलतो, म्हणून ताजा निर्णय जिल्हा परिषदेत बघून घ्या. म्हणजे आज तुम्ही काठावरही नाही, कारण तिथे पोरांचे नऊशे चालत नाहीत आणि जनगणनेत पाड्याचा वेगळा आकडाच नाही. महसुली गाव आधी, ग्रामपंचायत मग, हा क्रम त्यासाठी.

आणि खरं सांगू का, मी तुमच्या जागी असतो तर आज ग्रामपंचायत मागितली नसती. नऊशे माणसांच्या पंचायतीची घरपट्टी-पाणीपट्टी किती गोळा होणार? शिपायाचा पगार आणि दिवाबत्तीचं बिल भागलं तरी पुष्कळ. ग्रामसेवक, आताचा ग्रामपंचायत अधिकारी, तुम्हाला एकट्याला मिळणार नाही. त्याच्याकडे दोन-तीन पंचायती असतात, त्यात तुमची एक वाढेल. वित्त आयोगाचा निधी माणशी येतो, पंचायत फोडल्याने माणसं वाढत नाहीत. तुमचं दुखणं ‘पैसा मोठ्या गावात मुरतो’ हे असेल, तर त्याला जवळचं औषध आहे.

ते औषध पेसाचं, म्हणजे अनुसूचित (आदिवासी) क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याचं. चोपडा तालुका अंशतः अनुसूचित क्षेत्रात येतो. अनुसूचित क्षेत्राचा आदेश २ डिसेंबर १९८५ चा, आणि अशा तालुक्यांत त्यात गावं नावानिशी दिलेली आहेत. तुमच्या पाड्याचं नाव तिथे शोधू नका, मूळ महसुली गावाचं शोधा. पाडा त्याच्याबरोबर आपोआप आत येतो. ते नाव सापडलं, तर १९९६ चा पेसा कायदा आणि राज्याचे २०१४ चे नियम तुम्हाला लागू होतात. त्या नियमांत पाड्याला स्वतःचं ‘गाव’ म्हणून घोषित होऊन वेगळी ग्रामसभा घेता येते, ग्रामपंचायत न फोडता. पाड्यातल्या मतदारांनी बहुमताने ठराव करायचा, तो प्रांताधिकाऱ्यांकडे द्यायचा, ते पडताळणी करून जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवतात. इथे दोन हजार नाही की हजार नाही. तुमची ५४० नावांची मतदार यादी इथे कामाला येते, म्हणून आधी ती साफ करून घ्या. मेलेल्यांची आणि सासरी गेलेल्यांची नावं तशीच राहिली तर बहुमताची बेरीज तुमच्याच अंगावर येईल. गाव घोषित झालं की ग्रामसभा तुमची, तिचा कोष तुमचा, आणि पाच टक्के अबंध (ठरावीक कामाला न बांधलेल्या) निधीतून पाड्यात काय करायचं यावर ठराव तुमच्या पारावर होतो. वाळू, तेंदूपान, पाझर तलाव यांवरही या ग्रामसभेचं म्हणणं लागतं.

मूळ गाव त्या आदेशात नसेल तर हा रस्ता बंद. मग निदान प्रभागरचनेकडे लक्ष ठेवा. सात सदस्यांची पंचायत तीन प्रभागांत विभागली जाते. नकाशा हरकतींसाठी लावतात तेव्हा पाडा अखंड एका प्रभागात ठेवायची लेखी मागणी करा. पाडा दोन प्रभागांत चिरला गेला की दोन्हीकडे तुम्ही अल्पसंख्य. हरकतीचे ते दिवस लोक शेतात घालवतात आणि निवडणुकीत भांडतात.

यंदाचा एक मुद्दा राहिला आणि तो घाईचा आहे. २०२१ ची जनगणना झालीच नाही. ती आता २०२७ ची म्हणून होते आहे, संदर्भाचा क्षण १ मार्च २०२७. घरयादीचा टप्पा एप्रिल ते सप्टेंबर २०२६ दरम्यान, प्रत्येक राज्याने आपापले तीस दिवस निवडायचे, आणि माणसांची मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये. त्यासाठी गावांच्या आणि तालुक्यांच्या हद्दी ३१ डिसेंबर २०२५ ला गोठल्या. म्हणजे तुमचा महसुली गावाचा प्रस्ताव आज दिलात तरी मोजणी होईपर्यंत हद्द हलणार नाही आणि या जनगणनेत पाड्याचं नाव स्वतंत्र छापून येणार नाही. कागद तयार करत राहा, पण त्यावर जीव टांगून ठेवू नका.

हातात आहे ते एवढं. घरयादीला येणारा प्रगणक आधी नजरी नकाशा काढतो: रस्ता, नाला, देऊळ, आणि मग घरं. फेब्रुवारीत येणारा त्याच नकाशावर चालतो. तेव्हा घरयादीच्या दिवशी पाड्यातले दोन जाणते त्याच्याबरोबर पूर्ण फिरवा. नाल्यापलीकडची चार घरं, वनपट्ट्यावरच्या झोपड्या, शेतातल्या खोल्या, सगळं नकाशावर आलं का ते बघा. कुलूप असलेलं घरही घर म्हणून लागलंच पाहिजे. एक प्रगणक गट साधारण सहाशे ते आठशे माणसांचा असतो, तुमच्या पाड्याला स्वतःचा एक गट मिळायला हरकत नाही. तसा अर्ज चार्ज अधिकारी म्हणून तहसीलदारांना द्या, गट पाडायच्या आधी द्या.

आणि फेब्रुवारी २०२७ च्या त्या वीसेक दिवसांत बाहेर गेलेल्यांनी एकदा घरी यावं. एक मुक्काम पुरतो. मुकादमाला आत्ताच सांगून ठेवा, कारण उचल घेतल्यावर तो सोडत नाही. केळीतल्या सालदारांचं सोपं आहे, संध्याकाळच्या गाडीने येऊन सकाळी जाता येतं.

सातबारा काढलात की वरची ओळ आणि खालचा भोगवटादाराचा प्रकार, दोन्ही मला कळवा. पाड्याखाली वनजमीन किती, ते त्यावरून समजेल, आणि अर्ज तहसीलला लिहायचा की वनहक्क समितीला, ते मग ठरवू.